अख्खी कोंबडी कोळशावर : बाहेरून काळी, आतून कच्ची. काय चुकतंय?

धुरकट (२६ जून)

नमस्कार मंडळी. मुक्काम मिशिगन. मे महिन्यात पलीकडच्या गल्लीत गराज सेलमध्ये २२ इंची वेबर केटल (झाकणाची गोल कोळशाची शेगडी) २० डॉलरला मिळाली. झाकणाला पोचा आलाय, एक चाक लंगडं आहे, बाकी ठणठणीत. आतापर्यंत तंगड्या, कबाब, मक्याची कणसं सगळं सुरळीत पार पडलं, म्हणून गेल्या रविवारी अंगात आलं आणि अख्खी कोंबडी लावली.

चार पौंडाची होती. चिरे मारून दही, आलं-लसूण, तिखट, गरम मसाला चोळून रात्रभर फ्रिजमध्ये मुरवली. कोळसा सगळीकडे सारखा पसरला, वर जाळी, जाळीवर कोंबडी. दहा मिनिटांत चरबी टपकायला लागली आणि जो भडका उडाला तो थेट देवळातल्या होमासारखा. उलटली, पालटली, बाजूला सरकवली. चाळीस मिनिटांनी बाहेरून डांबर. मांडीत सुरी घातली तर रक्त. शेवटी बायकोने शांतपणे तुकडे करून कुकरला लावली, दोन शिट्ट्या. आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर म्हणाली, "मग शेगडी कशाला घेतलीस रे एवढी?"

४ जुलैच्या सुट्टीला बारा माणसं जेवायला येणार आहेत आणि मी फुशारकीने सांगून बसलोय की अख्ख्या कोंबड्या करणार. जाणकारांनी वाचवा. कुकरचा पर्याय सुचवू नये, तो माहीत आहे.

सुकट_बोंबील (२६ जून)

फोटो कुठेत? डांबराचाही चालेल.

निखारा (२६ जून)

धुरकट, कोंबडी नाही चुकली, कोळसा चुकीच्या जागी होता. अख्ख्या कोंबडीच्या खाली कोळसा ठेवायचाच नाही.

सगळे निखारे एका बाजूला लोटा. दुसऱ्या बाजूला तळाशी ॲल्युमिनियमचा ट्रे, त्यात पेलाभर पाणी. ट्रेच्या बरोबर वर जाळीवर कोंबडी, तंगड्या निखाऱ्यांकडे, छाती पलीकडे. चरबी पाण्यात पडेल, भडका उडणार नाही. आता झाकण लावा आणि ते असं फिरवा की वरची झडप कोंबडीच्या डोक्यावर येईल. गरम हवा निखाऱ्यांकडून उठते, कोंबडीवरून जाते आणि मग बाहेर पडते. आच कमी करायची तर खालची झडप थोडी मिटा. वरची पूर्ण बंद करू नका, धूर आत कोंडला की मांसाला कडवट, काजळीसारखी चव येते.

झाकणाखालचं तापमान ३५० ते ३७५ फॅरनहाइट (साधारण १७५ ते १९० सेल्सिअस) ठेवलंत तर चार पौंडाची कोंबडी सव्वा ते दीड तासात होते. मध्ये उलटायची गरज नाही. झाकण हीच या शेगडीची सगळी अक्कल आहे. १९५२ साली हिचा आकार ज्याने शोधला तो जॉर्ज स्टीफन शिकागोकडच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता. तिथे पाण्यात तरंगणारे धातूचे बोये बनायचे. त्यातलाच एक गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्यात कोळसा, वरचा अर्धा झाकण. त्याआधीच्या उघड्या शेगड्यांवर त्याचंही तुमच्यासारखंच होत होतं. म्हणजे झाकण काढून अख्खी कोंबडी भाजणं हा त्या माणसाचा अपमान आहे.

मोजमापे (२६ जून)

निखारा +१. एक भर घालतो.

अख्खी कोंबडी म्हणजे एकाच कातडीत दोन वेगळी जनावरं. छातीचं मांस १६५ फॅरनहाइटच्या (७४ से.) पुढे गेलं की कापूस. मांडी-तंगडी १६५ ला खाण्यालायक होते, पण चिवट लागते. १७५ ते १८५ पर्यंत गेली की त्यातले जोडतंतू विरघळतात आणि हाडावरून सुटायला लागते. एक लवकर उतरवायला हवं, दुसरं उशिरा, आणि दोन्ही शिवलेली आहेत एकमेकांना. निखारा यांनी तंगड्या निखाऱ्यांकडे ठेवायला सांगितलं ते उगाच नाही.

त्याहून सोपा उपाय म्हणजे कोंबडी पुस्तकासारखी उघडायची. इकडे त्याला स्पॅचकॉक म्हणतात. कोंबडी पालथी घालून जाड कात्रीने कण्याच्या दोन्ही बाजूंनी शेपटीपासून मानेपर्यंत कापा, कणा काढून घ्या (फेकू नका, रस्सा). मग उताणी करून छातीच्या हाडावर तळहाताने दाबा. कट्ट असा आवाज आला की चपटी झाली. आता मांड्या बाहेरच्या कडेला उघड्या पडतात, त्यांना जास्त आच लागते, छाती मधे जाड आणि सुरक्षित. वेळही पाऊण ते एक तासावर येतो. बारा माणसांसाठी दोन कोंबड्या चपट्या करून २२ इंचात बसतील. मग कोळसा दोन बाजूंना, कोंबड्या मधोमध.

आणि थर्मामीटर घ्या. पंधरा-वीस डॉलरचा, टोचायचा. घड्याळ बघून कोंबडी करणं म्हणजे पंचांग बघून पाऊस पाडणं.

क्लीव्हलँडची_काकू (२७ जून)

अरे धुरकट, दही लावलंस कातडीवर? तिथेच घोळ झाला. आपल्याकडे खाटीक कोंबडी सोलूनच देतो, म्हणून आपला सगळा मसाला सोललेल्या मांसासाठी बेतलेला. तंदूरचीही सोललेलीच असते. इथली कोंबडी कातडीसकट. कातडीवर दही थापलं की ती ओली राहते आणि ओली कातडी कुरकुरीत होत नाही, रबर होते. वर लसूण आणि मसाला आधी जळतो.

माझी रीत सांगते, पंचवीस वर्षांची आहे. आदल्या रात्री कोंबडी पुसून कोरडी करायची. पौंडाला अर्धा चमचा जाडं मीठ, सगळीकडून, कातडीखालीसुद्धा. उघडीच फ्रिजमध्ये ठेवायची, वर प्लास्टिक नको. मीठ रात्रभरात आत जातं, मांसातलं पाणी धरून ठेवतं आणि कातडी वाळते. मसाल्याचं तसं नसतं बरं का, तो कितीही मुरवलास तरी वरवरच राहतो. म्हणून सकाळी लोण्यात आलं-लसूण, तिखट, धणेपूड कालवून ते मिश्रण कातडी आणि छातीच्या मधे बोटांनी सरकवायचं. बाहेर फक्त तेलाचा हात, हळद, मिरपूड. अगदी दहीच हवं तर शेवटच्या दहा मिनिटांत ब्रशने लाव.

आणि कोंबडी आधी हळद-मीठ लावून स्वच्छ धुऊन घे हो.

मोजमापे (२७ जून)

काकू, सगळं मान्य, शेवटचं वाक्य सोडून. इथलं कृषी खातं गेली कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडतंय की कच्ची कोंबडी सिंकमध्ये धुऊ नका. शिंतोडे उडतात आणि साल्मोनेला शेजारच्या कोशिंबिरीत जातो. जंतू धुऊन जात नाहीत, १६५ ला मरतात.

क्लीव्हलँडची_काकू (२७ जून)

न धुतलेली कोंबडी माझ्या घरात शिजणार नाही. मी पातेल्यात धुते, नळाखाली नाही, आणि नंतर सिंक गरम पाण्याने घासते. बोल पुढे.

सुकट_बोंबील (२७ जून)

धाग्याचं काश्मीर होण्याआधी कोणीतरी कोळशाबद्दल बोला.

निखारा (२७ जून)

बोलतो. पेटवायचं पेट्रोलसारखं द्रव ओतत असाल तर आजच बंद करा, त्याचा वास कातडीत बसतो. आधीच द्रवात भिजवलेला कोळसा मिळतो तोही नको. कोळशाची चिमणी घ्या (पत्र्याचा उभा डबा, खाली जाळी). वर कोळसा, खाली दोन कागदांचे बोळे, काडी लावा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांच्या कडा राखाडी झाल्या की ओता. मोठ्या चिमणीत शंभरेक ब्रिकेट (कोळशाच्या भुकटीचे दाबून केलेले गोळे) मावतात, तेवढे पुरतात.

ब्रिकेट की लाकडाचा ओबडधोबड कोळसा? ओबडधोबड लवकर पेटतो, जास्त तापतो, लवकर संपतो. ब्रिकेट एकसारखे असल्यामुळे तासभर एका चालीने जळतात. नवख्या माणसाने अख्ख्या कोंबडीला ब्रिकेटच वापरावेत. तुम्ही मिशिगनकर, म्हणून सांगतो : हे ब्रिकेट लोकांच्या घरोघरी पोचले ते तुमच्याच राज्यातून. हेन्री फोर्डच्या गाड्यांना तेव्हा लाकूड लागायचं. वर उत्तरेला आयर्न माउंटनजवळच्या त्याच्या कारखान्यात लाकडाचे तुकडे आणि भुसा उरायचा, त्याचा कोळसा करून तो गोळ्या पाडायला लागला आणि गाड्यांच्या दुकानांतून विकायला लागला. पुढे १९५१ साली तो धंदा दुसऱ्यांनी घेतला आणि नाव किंग्सफर्ड झालं.

धुरासाठी सफरचंदाच्या किंवा चेरीच्या लाकडाचे दोन ठोकळे, मुठीएवढे. मेस्किटचं लाकूड नको, कोंबडीला झेपत नाही. आणि धूर पांढरा भकाभक येत असेल तर थांबा, तो पातळ निळसर झाला की कोंबडी ठेवा.

अलिबागचा_वाल (२७ जून)

हा सगळा धागा वाचून हसू येतंय. आम्ही थर्मामीटरशिवाय अख्खी कोंबडी करतो, दर थंडीत. पोपटी! मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधे केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाला गच्च पाला. मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-पाचोळा-काटक्या रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तास. आमचे काका जळत्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब मारतात, चर्र करून उडाले की झालं म्हणतात. पाणी एक थेंब घालत नाही, पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावर शिजतं सगळं.

मोजमापे (२७ जून)

अलिबागचा_वाल, हसू नका, तुम्ही आमच्याच बाजूचे आहात. आग कोंबडीला शिवत नाही, बंद भांड्यात चारही बाजूंनी आच. फक्त तुमच्याकडे वाफ आहे म्हणून कातडीचा प्रश्न येत नाही, आणि तुकडे लहान असतात. (तुकडेच ना? अख्खी म्हणालात.)

अलिबागचा_वाल (२८ जून)

बरं, चार तुकडे. गावठी असेल तर सहा.

शाकाहारी_पण_वाचतो (२८ जून)

कोंबड्या उतरल्यावर निखारे तासभर तरी जिवंत असतात. त्यावर भरताची वांगी टाका. बारा जणांत माझ्यासारखा एखादा असतोच, तो बिचारा चिप्स खात उभा असतो.

हंट्सव्हिलकर (२८ जून)

मी पाच वर्षं अलाबामात काढली, तिकडचं सांगतो. आमच्या शेजारच्या डिकेटर गावात बिग बॉब गिब्सन यांचं १९२५ पासूनचं बार्बेक्यू आहे. तिथे कोंबडी मधून दोन अर्धुकं करून हिकरीच्या लाकडाच्या धुरावर भाजतात आणि उतरवल्या उतरवल्या एका पांढऱ्या पातळ सॉसमध्ये सरळ बुडवतात. मेयोनेझ, व्हिनेगर, मिरी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं हे लोक कोंबडी ताकात बुचकळताहेत. खाल्ल्यावर मत बदललं. व्हिनेगरने धुराचा जडपणा कापला जातो आणि छातीचं मांस थोडं कोरडं झालं असेल तरी झाकलं जातं. घरी मी मेयोनेझ अर्धं करून उरलेल्यात घट्ट दही आणि मोहरीपूड घालतो.

स्मोकर (मंद धुरावर भाजायची शेगडी) असलेल्यांसाठी : कोंबडी २२५ वर तासन् तास धुरात ठेवू नका. ती पद्धत गाईच्या ब्रिस्केटसाठी (छातीच्या मांसासाठी) आणि डुकराच्या खांद्यासाठी आहे, ज्यात चरबी आणि चिवट तंतू वितळायला वेळ लागतो. कोवळ्या ब्रॉयलरमध्ये वितळायला आहे काय? मांस धुराने छान होतं, पण कातडी सायकलच्या ट्यूबसारखी ताणली जाते. स्मोकर ३२५ च्या पुढे जात नसेल तर शेवटची दहा मिनिटं गरम ओव्हनमध्ये ढकला. लाज वाटून घेऊ नका.

धुरकट (३ जुलै)

मंडळी, कोटी कोटी आभार. दोन कोंबड्या चपट्या करून, मीठ लावून फ्रिजमध्ये झोपवल्या आहेत. कणा कापताना कात्री घसरून अंगठ्याला लागलं, किरकोळ. धुतल्या की नाही ते सांगणार नाही. उद्या पावसाची शक्यता दाखवत आहेत. पाऊस आला तर शेगडी गराजमध्ये घेतली तर? दार उघडं ठेवून?

निखारा (३ जुलै)

नाही. दार उघडं असलं तरी नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, वास नाही, रंग नाही, आणि गराजमधून घरात शिरतो. माणसं झोपेत गेली आहेत याने. विझत आलेली शेगडीसुद्धा आत घेऊ नका. पाऊस आला तर छत्री धरून बाहेर उभे राहा, झाकण लावलेल्या केटलला पावसाचं काही होत नाही.

धुरकट (४ जुलै, संध्याकाळी ६:१०)

कोणी आहे का?? तातडीचं आहे. पन्नास मिनिटं झाली. छाती १६६, मांडी १७८ दाखवतोय. पण मांडीचा सांधा थोडा उघडून बघितला तर हाडाजवळ गुलाबी! पाहुणे ताटं घेऊन उभे आहेत. मेहुणा म्हणतोय कच्ची आहे.

मोजमापे (४ जुलै, संध्याकाळी ६:१४)

मीटर हाडाला टेकला नव्हता ना? हाड जास्त तापतं, खोटा आकडा देतं. मांडीच्या आतल्या बाजूला जाड मांसात पुन्हा टोचा, दोन ठिकाणी.

धुरकट (४ जुलै, संध्याकाळी ६:१६)

१७६ आणि १७९.

मोजमापे (४ जुलै, संध्याकाळी ६:१७)

उतरवा. आजकालची कोंबडी दीड-दोन महिन्यांचीच असते, हाडं कोवळी, मज्जेतला रंग झिरपून भोवतालचं मांस लालसर दिसतं. धुरानेही गुलाबी छटा येते. रंगाला विचारू नका, आकड्याला विचारा. दहा मिनिटं तशीच ठेवा, मग कापा. मेहुण्याला वांगी सोलायला बसवा.

धुरकट (५ जुलै)

वृत्तांत. एक कोंबडी अप्रतिम झाली. कातडी पापडासारखी वाजत होती, मांडी हाडावरून सुटली. काकू, कातडीखालच्या लोण्याला साष्टांग नमस्कार. दुसरी मात्र जरा हुकली. ती कोळशाच्या जवळ सरकली होती, एका बाजूची छाती १८० पर्यंत गेली, कोरडीठाक. शिवाय मी पहिल्या अर्ध्या तासात किमान आठ वेळा झाकण उघडलं (मेहुण्याला दाखवायला), त्यामुळे आच सारखी पडत होती. हंट्सव्हिलकरांचा ताक-सॉस कोरड्या भागावर ओतला, तो भाग सर्वांत आधी संपला. वांग्यांचं भरत कमी पडलं. पाऊस आलाच नाही.

फोटो काढायचे राहिले. सुकट_बोंबील, माफी.

सुकट_बोंबील (५ जुलै)

फोटो नाही म्हणजे कोंबडी झालीच नाही. मॅगी केली असणार.

धुरकट (१९ नोव्हेंबर)

धागा वर काढतोय. बायकोने परस्पर जाहीर केलंय की थँक्सगिव्हिंगला टर्की केटलवर होणार. बारा पौंडाची, दगडासारखी गोठलेली, आज आणली. बाहेर तापमान गोठणबिंदूच्या आसपास. सुचवा.

क्लीव्हलँडची_काकू (१९ नोव्हेंबर)

आजच आणलीस हे बरं केलंस. फ्रिजमध्ये चार-पाच पौंडाला एक दिवस धर, म्हणजे तीन दिवस नुसतं वितळायला. ऐनवेळी उशीर झाला तर गार पाण्यात बुडवून पौंडाला अर्धा तास, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत. ओट्यावर उघडी ठेवू नकोस. पोटात हात घालून पिशवी काढ, त्यात मान, कलेजी, पेटा असतो. पहिल्या वर्षी मी पिशवीसकट भाजली होती. आणि वेष्टनावर वाच : बऱ्याच टर्कींमध्ये आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं. तसं असेल तर वरून मीठ लावू नकोस, नुसती उघडी वाळव. पोटात सारण भरू नकोस, त्यालाही १६५ व्हावं लागतं, तोवर छातीचं लाकूड होतं.

निखारा (१९ नोव्हेंबर)

चपटी केलीत तर २२ इंचात जेमतेम मावेल, पण तिचा कणा कापायला मनगट हवं, कात्री नवी घ्या. अंगठा जपा. अख्खी ठेवणार असाल तर ३२५ वर अडीच ते तीन तास धरा, थंडीत त्याहून जास्त. दर पाऊण-एक तासाला दोन्ही बाजूंना सात-आठ पेटते ब्रिकेट घालावे लागतील, म्हणजे चिमणी शेजारी पेटती ठेवा. वाऱ्याकडे आडोसा करा, गारठ्यापेक्षा वारा जास्त आच पळवतो. पंखांची टोकं आणि छाती करपायला लागली की वर फॉइल. झाकण उघडू नका, मेहुणा आला तरी.

धुरकट (२९ नोव्हेंबर)

झाली. सव्वातीन तास लागले, मी वरून दोन जाकिटं घालून बाहेर. छाती १६५, मांडी १८०. या वेळी फोटो आहे, पण त्यात मीच जास्त धुरकट दिसतोय.

आता खरी गोष्ट. सांगाडा, मान आणि पंख मोठ्या पातेल्यात घालून आईने (ती सध्या इथेच आहे) चार तास मंद उकळवले. त्या पाण्यात भाजलेला कांदा-खोबरं-तीळ आणि कांदा-लसूण चटणी घालून तांबडा रस्सा केला. धुराचा वास रस्स्यात असा काही उतरला की टर्की ताटात तशीच राहिली आणि सगळे वाट्या पुढे करत होते. आई म्हणाली, पुढच्या वेळी हाडंच भाज.

अलिबागचा_वाल (२९ नोव्हेंबर)

रस्स्याची कृती वेगळा धागा काढून टाका. इकडे वालाला फुलं आलीत, जानेवारीत या.

सुकट_बोंबील (३० नोव्हेंबर)

फोटो उघडत नाहीये.